पहिला उकार

तीन उकार फडफडले आणि तृप्तीचा हात माऊसवरून आपोआप सुटला. काम तसं साधं होतं. जुन्या चिन्हाचा फोटो खाली ठेवायचा, संगणकावर नव्यानं काढलेलं तेच चिन्ह त्याच्यावर बसवायचं, आणि मग वरचं चित्र भराभर दाखवायचं, लपवायचं, दाखवायचं, लपवायचं. जे जुळलंय ते गप्प बसतं. जे जुळत नाही ते जागच्या जागी फडफडतं, डोळ्याची पापणी लवते तसं. गेली सहा वर्षं मारुंजीतल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, खाली टेम्पोवाल्यांचे हॉर्न आणि समोरच्या इमारतीच्या फरशीकटरची किरकिर ऐकत ती हेच करत आली होती. संस्थानांच्या ढाली, बंद पडलेल्या गिरण्यांचे शिक्के, शाळांची बोधचिन्हं, पतसंस्थांची, तालमींची, भजनी मंडळांची. पुण्यातला एक चिन्हसंग्रह हे सगळं गोळा करून नव्यानं रेखाटून घेत होता आणि रेखाटन खरं उतरलंय की नाही, हे ठरवायचं काम तृप्तीकडे होतं. रंग, रेषा, प्रमाण, अक्षरे असे चार रकाने. या कामात ती कुणाच्या बापाला ऐकायची नाही. कुठल्याशा संस्थानाचा सिंह मुळात बोळका होता, चितारी अनिकेतनं त्याला दयेपोटी दोन सुळे दिले, तर बाईंनी रेखाटन परत पाठवलं. ‘सिंह म्हातारा असेल, आपल्याला काय करायचंय. दात काढा.’ असा शेरा. तो शेरा कार्यालयात बरेच दिवस गाजला होता.

आणि आज अक्षरांच्या पट्टीवर तीन उकारांच्या शेपट्या एकदा इकडे वळत होत्या, एकदा तिकडे. खालच्या फोटोत गंजलेला पत्रा, निळ्या रंगाचं पिंपळपान, पानाच्या पोटात उघडं पुस्तक, आणि पुस्तकाखाली: वाचु, लिहु, उभे राहु. वरच्या चित्रात तेच पान, तेच पुस्तक, आणि खाली: वाचू, लिहू, उभे राहू. शाळेत ज्याला पहिला उकार म्हणतात तो मुळात होता, तिथं अनिकेतनं दुसरा बसवला होता. शुद्ध करून टाकलं होतं. प्रबोध मंडळ, स्थापना १९७१. पत्र्याच्या उजव्या कोपऱ्यात अगदी बारीक, ‘किसन’. ते काही फडफडत नव्हतं. ते तंतोतंत उतरलं होतं. पौडच्या पुढं चार किलोमीटरवर तिचं गाव, त्या गावातल्या बौद्धवस्तीतल्या पोरांचं हे मंडळ, आणि ते पान, ते पुस्तक आणि ते तिन्ही चुकीचे उकार एकोणिसाव्या वर्षी ज्यानं रंगवले तो किसन म्हणजे तिचे आबा.

फोटो मंडळाचा हल्लीचा सचिव शैलेश यानं विहाराच्या मागच्या खोलीतून पत्रा बाहेर काढून पाठवला असणार. त्या बिचाऱ्याला कुठं ठाऊक, की तो पुण्याला जाऊन फिरून मारुंजीत किसन पेंटरच्याच पोरीपुढं येऊन पडेल. तृप्ती उठली, पाणी प्यायली, परत येऊन बसली. परत दाखवलं, लपवलं. तिला हसू येईना आणि रडूही येईना. हा पत्रा तिनं पाहिला नव्हता असं थोडंच आहे. तो समाजमंदिराच्या दारावर होता तेव्हा त्याच्याखालून ती बालवाडीला गेली होती. पण सातवीत असताना पौडच्या शाळेतली आरोही एकदा तिच्याबरोबर गावी आली, दारात थांबली, मान वर करून मोठ्यानं वाचलं आणि खी खी करून म्हणाली, ‘लिहु! हे कोणी लिहिलंय गं?’ आणि तृप्ती म्हणाली होती, ‘काय माहीत. असेल कोणीतरी अडाणी.’ दहा पावलांवर आबा सायकलची साखळी बसवत होते. त्यांनी ऐकलं की नाही हे तिला आजतागायत कळलेलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. तीस वर्षं झाली, पण ते वाक्य तिच्या आत कुठंतरी खुंटीला टांगलेलंच आहे, आणि वाऱ्याची झुळूक आली की हलतं.

खरी गोष्ट तिला कळली होती ती एका लग्नात, मावशीच्या तोंडून, तीही अर्धीमुर्धी. पत्रा पहिल्यांदा टांगला त्या दिवशी मंडळानं शाळेतले नरहरी गुरुजी पाहुणे म्हणून बोलावले. गुरुजी आले, हार घेतला, पत्र्याकडे पाहिलं, आणि भाषणाला उभे राहून म्हणाले, ‘लिहू म्हणता ते चांगलंच आहे, पण आधी लिहू हा शब्द तरी शुद्ध लिहा.’ सगळे हसले. परके हसले त्याचं काही नाही, आपलेही हसले. पत्र्याच्या कोपऱ्यात नाव होतंच, त्यामुळे चोर शोधायला लांब जावं लागलं नाही. त्या दिवसापासून किसनचं गावात ‘लिहु पेंटर’ झालं. माणूस चांगला, हात देवानं दिल्यासारखा, पण पुन्हा कधी ब्रश धरला नाही. पुढं पिरंगुटला कारखाने आले तेव्हा तिकडं लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. अशुद्ध हा शब्द घरात कधी कुणी उच्चारत नसे. वहीतल्या चुकीला लोक अशुद्ध म्हणतात, आणि आबांच्या आज्यानं ज्या पाणवठ्यावर पाय ठेवायचा नाही असं होतं तिथंही लोक तोच शब्द वापरत. दोन्ही अर्थ घरात सगळ्यांना पाठ होते, मग उगाच बोला कशाला.

त्याऐवजी शुद्धलेखन होतं. रोज संध्याकाळी कारखान्यातून आले की हातपाय धुऊन आबा कालचं वर्तमानपत्र उघडत आणि तृप्तीला दहा ओळी सांगत. दहा म्हणजे दहा. ताप असो, पाहुणे असोत. चूक झाली तर रागवत नसत, निळ्या पेन्सिलीनं त्या अक्षराखाली एक टिंब देत आणि गप्प होत. ते गप्प होणं वाईट. एकदा तिनं ‘पाणि’ लिहिलं, तर आबा उठून अंगणात जाऊन बसले आणि बराच वेळ आत आलेच नाहीत. तिचा डोळा असा तयार झाला. आज ती दुकानाची पाटी वाचत नाही, तपासते. लग्नपत्रिका आली की आधी चुका, मग नवरानवरी. लोक तिला नाक मुरडून म्हणतात, काय बाई तुझा डोळा. तिला मात्र मनातून पक्कं ठाऊक होतं, की हा डोळा आपला नव्हेच. एका अडाणी माणसाच्या लाजेनं तो घडवलाय. आपल्याला जे आलं नाही ते पोरीला यावं, म्हणून त्यानं दहा-दहा ओळी करून स्वतःची चूक तिच्याकडून पुसून घेतली. असं तिनं समजून घेतलं होतं, आणि त्यात तिला आबांविषयी फार माया वाटायची. आणि खरं सांगायचं, तर थोडी कीवही.

तिनं मृण्मयीला फोन लावला. मृण्मयी संग्रहाची संपादक, स्वभावानं मऊ. सगळं ऐकून ती म्हणाली, “अगं, अनिकेतनं चांगल्या मनानंच केलंय. लोक हसतील म्हणून. नियम आपला जसंच्या तसं हाच आहे, पण हे तुझ्या घरचं आहे, तृप्ती. तू म्हणशील ते. दुरुस्त केलेलं पास केलंस तर मी काही विचारणार नाही. फक्त आज संध्याकाळपर्यंत सांग, उद्या हे सगळ्यांसाठी खुलं होतंय.” म्हणजे झालंच की. एक बटण दाबलं, की चोपन्न वर्षांची लाज गेली. उद्या कुणीही उघडून बघितलं तर किसन नावाच्या पोरानं शुद्ध मराठी लिहिलेलं दिसेल. गंजलेला पत्रा काय, आणखी दोन पावसाळ्यांत शब्दही उरायचे नाहीत, मग खरं ते हेच. आणि परत पाठवलं, तर तिनं स्वतःच्या हातानं आबांची चूक चौकटीत बसवून जगाला दाखवली असं होणार. सिंहाचे दात काढायला काय लागतं, सिंह कुणाचा बाप नव्हता. पण दाबायला म्हणून बोट पुढं केलं की ते पुढं जाईना. सहा वर्षांत तिनं जे जे परत पाठवलं होतं ते सगळं जणू तिच्याकडे बघत होतं. शेवटी टॅब्लेट पिशवीत टाकला, स्कूटी काढली आणि माण, घोटावडे करत पौड रस्त्याला लागली. विचारायचंच. तीस वर्षांत विचारलं नाही, आज विचारायचं.

वाटेत पिरंगुटला कारखान्याची पाळी सुटली होती. बसथांब्यावर निळ्या सदऱ्यांची गर्दी होती आणि तिला वाटलं, आबा यातलेच एक होते, छत्तीस वर्षं, यंत्रावर आकड्यांच्या पट्ट्या चिकटवत. आकड्यांना ऱ्हस्व-दीर्घ नसतं. म्हणून तर नसेल धरली ती नोकरी? तिला आजवर हे सुचलं नव्हतं. कितीतरी गोष्टी माणसाला आपल्याच बापाविषयी सुचलेल्या नसतात. मग तिला वाटलं, चिडले तर? आबा चिडत नाहीत, गप्प होतात. आता त्र्याहत्तरचे आहेत. या वयात गप्प झाले आणि तसेच राहिले तर. पौडचा बसस्टँड मागं पडला, तहसील कचेरीपाशी नेहमीसारखी गाड्यांची कोंडी होती, तिथं अडकल्या अडकल्या तिनं मनाशी तीन वेळा परत फिरायचं ठरवलं. मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न मारला, म्हणून पुढं गेली.

घरी आबा पडवीत होते आणि शेजारी पायरीवर गेणबाकाका. गेणबा म्हणजे आबांचा लहानपणापासूनचा जोडीदार. सकाळी स्वतःच्या घरी चहा घेतो आणि संध्याकाळी इथं, चोपन्न वर्षांत यात खाडा नाही. मंडळ काढणाऱ्या बारा पोरांपैकी आता हे दोघंच उरलेत.

“आज कामाच्या दिशी कशी काय आली?” आबा म्हणाले. “बरं हाय ना समदं?”

“बरं आहे.” ती बसली. आई, फुलाबाई, पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली. तृप्तीनं घोकून आणलेलं सगळं विसरून टॅब्लेट काढला आणि आबांच्या मांडीवर ठेवला. “हे माझ्याकडं आलंय. तपासायला.”

आबांनी चष्मा सारखा केला. बघत राहिले. पिंपळपानावर बोट ठेवलं, पानाच्या कडेकडेनं फिरवलं, आणि तृप्तीला दिसलं की त्यांचं बोट रेषेवरून तसूभरही सुटत नाही. मग बोट खाली आलं. थांबलं.

“ह्ये मी न्हाई रंगवलं,” ते म्हणाले.

“नाही. त्यांनी दुरुस्त केलंय. आबा, हे असं ठेवता येईल. कुणालाही कळणार नाही. तुम्ही फक्त हो म्हणा.” तिचा आवाज तिला स्वतःलाच दवाखान्यातल्या नर्ससारखा वाटला. “किंवा मग पत्र्यावर आहे तसं. पण तसं केलं तर चूक दिसेल. कायमची.”

गेणबाकाका वाकून बघत होते. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, ती घसरून पडली, तरी उचलली नाही. “किसन,” ते म्हणाले, “पोरीला सांगितलंच न्हाईस तू?”

“काय सांगायचं त्यात.”

“मग मी सांगतो. तृप्ते, ह्याला समदं बरोबर येत व्हतं.”

तिला आधी कळलंच नाही. गेणबाकाका तिच्याकडे न बघता अंगणाकडे बघत बोलत होते. मंडळाचा नियम होता, कुठलीही गोष्ट एकट्यानं करायची नाही, बैठकीत ठराव मांडायचा, हात वर करायचे, बहुमत होईल ते करायचं. आजवर दुसऱ्यांनीच ठरवलेलं ऐकत आलो, आता आपलं आपण ठरवू, असं. जागा, वर्गणी, रंग निळा, सगळं हातानं ठरलं. शब्द ठरले. मग किसननं विचारलं, उकार पहिला काढू की दुसरा, माझ्या मतानं दुसरा. शब्दाच्या शेवटी दुसराच येतो, असं तो म्हणाला. “आता ह्यो चौथी, आन् मी सातवी पास. मंडळात सातवी मी एकटा. आन् निम्म्यांना तर वाचताच येत न्हवतं. मी उठलो. म्हनलं, दुसरा कशापायी? रांगेत दुसरे, पंगतीत दुसरे, हिरीवर दुसरे, जलमभर आमी दुसरंच ऱ्हायचं काय? पयला घ्या, म्हनलं. समद्यांनी टाळ्या वाजिवल्या. अकरा हात वर झाले बग. ह्याचा तेवढा खाली.”

“मग तुम्ही पहिला काढलात,” तृप्ती आबांना म्हणाली.

“ठराव झाला व्हता,” आबा म्हणाले. त्याहून जास्त काही सांगायचं त्यांना कारण दिसत नव्हतं.

“आन् गुरुजी बोललं तवा,” गेणबाकाका म्हणाले, “मी हितं, ह्याच्या शेजारी बसलो व्हतो. मला उटून सांगायला पायजे व्हतं का न्हाई? न्हाई उटलो. सातवी पास ना मी. लोक ह्याला लिहु लिहु म्हनायचे, मी चा प्यायचो. रोज येतुया हितं, ते काय चा पायी येतुया व्हय.” “चूक माजी हाय, तृप्ते. ह्याची न्हाई.”

“तुजी बी न्हाई, माजी बी न्हाई,” आबा म्हणाले. “ठरावाची हाय.”

तृप्ती दोघांकडे बघत राहिली. बारा जणांत एकच माणूस होता ज्याला येत होतं. त्यालाच तिनं दारात उभं राहून अडाणी म्हटलं होतं, आणि मग तीस वर्षं त्याच्यावर दया केली होती. सायकलच्या साखळीत बोटं अडकलेली, मान खाली, आणि तोंडातून शब्द नाही. एवढी वर्षं त्याला एकदाही वाटलं नाही का, की निदान पोरीला सांगावं? सांगितलं असतं तर गेणबाचं नाव घ्यावं लागलं असतं. म्हणून नाही. आणि त्या दहा ओळी? त्या लाजेच्या नव्हत्याच तर. आपल्याला बरोबर येत असताना हात खाली ठेवून बसणारा माणूस दुसऱ्या कुणाला तरी ते बरोबर देत होता, कुणीतरी आणखी एकानं ते जाणावं म्हणून. “आबा,” ती म्हणाली, “मी एकदा तुम्हाला...”

“ठाव हाय,” आबा म्हणाले. “आरोही का कोन ती. ल्हान व्हतीस.” आणि विषय संपल्यासारखं त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “बरं, मग आता काय इचारतीस? ह्ये का त्ये?”

“हो.”

“ते माज्या एकट्याच्या हातात न्हाई. मंडळाचं हाय.” ते ताठ बसले. “गेणबा, मांड ठराव.”

गेणबाकाकांनी डोळे पुसले आणि लागलीच मांडला, जणू चोपन्न वर्षं मनात तेवढंच घोकत होते. “चिन्हावरले तिन्ही उकार दुसरे करावेत. बरोबर ते करावं, आन् किसनच्या डोस्क्यावरचं खाली उतरवावं.” आणि स्वतःच उजवा हात वर केला.

“माजा इरोध,” आबा म्हणाले. “धा जन गेले, गेणबा. रामा गेला, सुदाम गेला, तुजा भाऊ गेला. त्यांनी पयल्याला हात वर केले व्हते. पयलं व्हायचं म्हनून केले व्हते. ते हात आता मी खाली पाडू काय? लोक हसतील तर हसू देत. आमी काय मागत व्हतो ते त्या उकारात हाय, दुसऱ्यात न्हाई.” आणि मग, त्या वेळी खाली राहिलेला हात त्यांनी सावकाश वर केला. “पयलाच ठेवावा.”

एक विरुद्ध एक. दोघं म्हातारे हात वर करून एकमेकांकडे बघत बसले. तृप्तीनं तोंड उघडलं तर आबा म्हणाले, “तू तपासनीस. तुला मत न्हाई.” मग त्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. फुलाबाई तशीच पिठाच्या हातानं उभी होती.

“तवा बायांना बैठकीला बोलावलं न्हाई,” आबा म्हणाले. “ती बी चूकच झाली आमची. आता सांगा. पयला का दुसरा?”

“मला काय त्यातलं कळतंय,” फुलाबाई म्हणाली. “मला दोनी सारकंच दिसतंय. तुमी त्या पत्र्यावर कंचा रंगिवला व्हता?”

“पयला.”

“रातभर बसून?”

“दोन राती.”

“मग त्योच,” ती म्हणाली, आणि पिठानं माखलेला हात डोक्याच्या वर, चांगला उंच नेला. गेणबाकाकांनी आपला हात हळूहळू खाली घेतला आणि त्याच हातानं तोंड झाकून घेतलं. फुलाबाईनं आजवर बटण दाबून कितीदा मत दिलं होतं, पण असा हात वर करून कधी नाही. पीठ तिच्या कोपरापर्यंत ओघळलं तरी ती हलली नाही.

“अगं,” तिनं लेकीला हळूच विचारलं, “हात कवा खाली घ्यायचा?”

“थांब, आई,” तृप्ती म्हणाली. “मोजू दे.”